पाचवा रुपया खराच होता, आत्या

आत्या, तू ऐकून गेलीस.

वाडीवर तुझे दिवस करून काल संध्याकाळी आम्ही बदलापूरला परत आलो. आई लगेच आडवी झाली. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून गेले आणि तशीच उभी राहिले. मनात एवढंच येत होतं, की तू ऐकून गेलीस. रडू आलं नाही असं नाही. पण रडता रडता मला बरं वाटत होतं, आणि त्याची लाज वाटली नाही. शेठच्या दुकानातून मी चिठ्ठी घेऊन आले आणि त्यानंतर सतरा दिवसांनी तू गेलीस. ते सतरा दिवस मिळाले नसते, तर मी आज हे लिहायलाही बसले नसते.

तू कोण होतीस, कुठे दिलेली, कशी राबलीस, हे तुलाच काय सांगायचं? मला त्या रुपयाचं बोलायचंय. तुझ्याशी बोलण्यासारखं अजून थोडं राहिलंय.

आपल्या देवीच्या टाकाजवळ पाच राणीछाप रुपये असतात. प्रत्येकाला चांदीची कडी, सगळे लाल दोऱ्यात ओवलेले. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ते धुवायचे, आणि तो मान घरच्या लेकीचा, सुनेचा नाही. म्हणून तू दरवर्षी बारवी धरणाकडच्या तुझ्या वाडीवरून खाली यायचीस. बदलापूरच्या बाजारातून चिंच घ्यायचीस. आमच्याकडे गॅस, म्हणून राख मात्र तुझ्या चुलीतली, कागदाच्या पुडीत बांधून आणलेली. घासून झालं की एकेक रुपया बोटाच्या टोकावर तोलायचीस आणि नखाने टिचकी मारायचीस. "उठ बये, जागी व्हय." रुपया वाजायचा. पाच टिचक्या, पाच आवाज. मग देवी जागी झाली म्हणून मला हातावर गूळ मिळायचा.

मी बारावी सायन्स पास होऊन कॉलेजला गेले, त्या वर्षी पाचवा वाजला नाही.

तू परत टिचकी मारलीस. बद्द. बाकीचे चार पुन्हा वाजवून पाहिलेस, चारही खणखणीत. आई दारात उभी होती.

"मागल्या साली पाचीच्या पाची वाजले होते ना, वन्सं?"

तू पाचवा पदराने पुसत राहिलीस.

"मी तर हात लावत नाही. मान तुमचा. आता राखेच्या पुडीतून काय आलं आन् काय गेलं, ते देवीलाच ठाऊक."

हे वाक्य मी अठरा वर्षांची असताना ऐकलं आणि अजून जसंच्या तसं कानात आहे. दादा तिथेच होते. तुझा धाकटा भाऊ, तुझा बाबू. ते दारात वाकून चपला शोधत होते. खूप वेळ शोधत होते. चपला त्यांच्या पायांपुढेच होत्या.

तू मोरीत चिंचेचं पाणी ओतलंस, हात पुसलेस, पाचही रुपये ओवून आईपुढे ठेवलेस. "येते गं शेवंता." एवढंच. त्यानंतर तेरा नवरात्रं तू धुवायला आली नाहीस. आई भांड्यांच्या पावडरीने धुवायची आणि टिचकी मारायची नाही. दादा गेले तेव्हा तू आलीस, त्यांच्या तोंडात पाणी घातलंस आणि मग उंबऱ्याबाहेरच बसलीस.

माझ्याशी मात्र तुझं तसंच राहिलं. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मी बाजारात तुला शोधत आले. तू जांभळांची टोपली तशीच टाकून उठलीस आणि शेजारच्या भाजीवालीला म्हणालीस, "ह्यी आमची. घराण्यातली पयली." मला आजही कुणी विचारलं की शिक्षण किती, तर उत्तर देताना माझी मान आपोआप ताठ होते. ती तू त्या दिवशी केलीस. डिग्रीच्या कागदाने झाली नाही.

या वर्षी तुझा आजार निघाला आणि मी तुला बदलापुरातच बेलवलीला माझ्याकडे घेऊन आले. आई माझ्याकडेच. दोन खोल्यांत दोन बायका, तेरा वर्षांचा अबोला, आणि मधे मी.

"तिला सांग, भाकरी मऊ केलीय."

"तिला सांग, माझं दात हायेत अजून."

तीन फुटांवर बसून दोघी मला निरोप देत होत्या. मला हसूही यायचं आणि चीडही. शेवटी मी म्हटलं, आत्या, एकदा तो रुपया जाणत्या माणसाला दाखवू. खरा का खोटा, कळेल तरी. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ने. होऊन जाऊ दे." जिंकणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. आणि तू? तू अंथरुणात उठून बसलीस.

"नको."

"का नको?"

"बद्द तर बद्द. देवीला चालतंय, तुला काय झालंय?"

"खरं कळायला नको?"

"सगळंच कळून काय करायचंय गं? गप ऱ्हा."

खोटं कशाला लिहू? त्या क्षणी मला वाटलं, तू घेतला असशील. नवरा नाही, मूल नाही, एखाद्या उपाशी पावसाळ्यात घेतला असशील, आणि म्हणून घाबरतेस. मी मनातल्या मनात तुला माफही करून टाकलं. शिकलेल्या माणसाची ही एक खोड असते, आत्या. कुणी न मागता माफ करून मोकळं व्हायची.

रुपये घेऊन मी निघाले खरी, पण दाखवायचे कुणाला? आधी मोबाइलवर शोधलं. एकाने फोटो मागवला आणि दोन मिनिटांत सांगितलं की हा रुपया लाखांना जाईल, फक्त आधी नोंदणीचे पैसे पाठवा. नाणं हातात न घेता ज्याला त्याची किंमत कळते, त्याला मी नमस्कार केला आणि फोन ठेवला. मग अंबरनाथमध्ये एका दुकानात गेले. त्याने पाचही रुपये मुठीत घेतले आणि आतल्या खोलीत नेऊ लागला. मी म्हटलं, इथेच बघा. तो नाराज झाला, काचेवर एकेक आपटला आणि म्हणाला, "ये वाला नकली है, मॅडम. मगर आप दूर से आये हो, पाँचों चांदी के भाव में रख लेता हूँ." मी बाहेर पडले आणि रस्त्यात थांबून विचार केला. नकली असेल, तर हा चांदीच्या भावाने का घेतोय?

शेवटी आनंदनगरला मी नोकरी करते त्या लॅबमधल्या सिंधी मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "आमच्या सिंधी वस्तीत, कॅम्प एकमध्ये, जुनी नाणी पारखणारे एक म्हातारे शेठ आहेत. गोड बोलत नाहीत. म्हणून आमच्या घरचे त्यांच्याकडेच जातात."

कॅम्प एकमधला तो जिना तुला चढवला नसता. खाली परकरांचं दुकान, वर एवढीशी खोली, टेबलावर हिरवं फडकं अंथरलेलं. शेठ सत्तरीचे. चष्मा कपाळावर ठेवून मला बघत राहिले आणि पहिलाच प्रश्न:

"बेचना है के जानना है?"

मी म्हटलं, दोन्हीत फरक काय?

"बहुत फरक है, साईं. जानना है तो आज मैं खरीदूँगा नहीं. तू बोलेगी तो भी नहीं. जो भाव बताये और वोही माल उठाये, उससे कभी भाव नहीं पूछने का."

मी म्हटलं, जानना है. मग ते म्हणाले, आधी पाचांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढ. का? "कल तेरी अम्मा बोलेगी, बुड्ढे ने बदल दिया." आत्या, मी त्यांना आईबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं!

फोटो काढले. त्यांनी नाणी कडेने धरून फडक्यावर मांडली, एकाही नाण्याच्या तोंडाला बोट लागू दिलं नाही. भिंग लावलं आणि ओरडले, "इमली? हर साल इमली से धोते हो? रानी का नाक तक घिस गया! देवी चमक गयी, सिक्का मर गया." शाळेत ओरडा बसावा तशी मी उभी. म्हटलं, रीत आहे आमची. "रीत है तो ठीक है," ते म्हणाले, "मगर अगली बार सादा पानी."

पाचवा कुठला, ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यांनी वाजवलाही नाही. म्हणाले, कडी लावलेलं नाणं वाजवून काही कळत नाही. छोट्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, आकडा शून्यावर आणला, आणि एकेक रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला, तळाला न टेकवता. आकडा वहीत लिहिला. नुसत्या नाण्याचं वजन त्याच्या शेजारी. मग भागाकार.

मी हसले. ते म्हणाले, काय झालं? काय सांगू त्यांना? मी केमिस्ट्रीची बी.एस्सी., रोज लॅबमध्ये बाटल्यांतल्या मालाची घनता काढते, त्यावर पगार घेते. आणि तेरा वर्षांत एकदाही मला सुचलं नाही की देवीचा रुपया पाण्यात बुडवून बघावा. घरी मी टिचकीवरच विश्वास ठेवला.

पाचही आकडे जवळजवळ सारखे आले. शेठ म्हणाले, "पाँचों बहनें हैं. एक ही घर की." मी न विचारता स्टुलावर बसले. मग पाचवा हातावर घेऊन विचारलं, हा वाजत का नाही?

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. बाकी चारांच्या कड्या जुन्या, हाताने ओढलेल्या बारीक तारेच्या. पाचव्याची कडी जाड, बाजारात तयार मिळते तशी, आणि खाली डाग देताना साचलेला झाळकामाचा हा एवढा गोळा. त्या गोळ्यापासून काठापर्यंत केसासारखी एक चीर. "किसी ने नयी कडी लगवायी है. सोनार ने ज़्यादा तपाया. अंदर से चटक गया, तो आवाज़ मर गयी. सिक्का असली है. सौ टका वोही है."

"कुणी लावून घेतली?"

"वो सिक्का नहीं बोलता, बेटी."

तपासणीचे त्यांनी ठरलेले पैसे घेतले, आणि मला ते आवडलं. फुकट सांगणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरं काहीतरी हवं असतं. मी लेखी मागितलं. त्यांनी पाच ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला.

दुपारी घरी आले, रुपये देव्हाऱ्यात ठेवले. तू पडून होतीस, आई आत भांडी लावत होती. मी तुला चिठ्ठी वाचून दाखवली, मराठीत करून, मोठ्याने, आत ऐकू जाईल अशी. पाचही खरे. पाचवाही खरा. नवी कडी बसवताना तडकला म्हणून वाजत नाही. मला वाटलं, तू आईच्या नावाने काहीतरी बोलशील, निदान रडशील. तू माझ्या हातातली चिठ्ठी बोटाने चाचपलीस. मग म्हणालीस,

"म्हंजे बाबूनी इकला नाय?"

मला कळेचना. "दादांनी? दादा कुठून आले यात?"

मग तू सांगितलंस. तेरा वर्षांपूर्वी, करवंदं विकायला खाली आली होतीस, रात्री आमच्याकडे मुक्काम होता. सकाळी दादांना देव्हाऱ्यातून एक रुपया काढून रुमालात बांधताना पाहिलंस. माझ्या कॉलेजच्या ॲडमिशनचा आठवडा होता तो. दादांनी तुला पाहिलं नाही. तू काही विचारलं नाहीस. आणि आश्विनात तो रुपया वाजला नाही, तेव्हा तुला सगळं कळलं, असं तुला वाटलं.

"मी म्हटलं, गेला आसंल पोरीच्या फीला. आन् त्याच्या जागी खोटा आणून ठेवला. जाऊ दे. देवीनी शिकवली पोरीला, तिचाच रुपया."

"आणि तू ऐकून घेतलंस? तेरा वर्षं?"

"मग काय सांगणार व्हते? तुझ्या आयशीनी तुला जल्मभर ऐकवला असता. देवीचा रुपया खाऊन शिकली म्हणून. पयली शिकणारी पोर, तिच्या तोंडावर असा डाग?"

आत्या, मी तुला मनातल्या मनात माफ करून बसले होते. तू रुपया दाखवायला नको म्हणालीस, ते माझ्यासाठी. आणि दादांसाठी. तुझ्या हिशेबात तो खोटाच निघणार होता, आणि मग कुणी बदलला हे विचारत विचारत मी तुझ्या भावापर्यंत पोचले असते. तेरा वर्षं लोकांच्या नजरेत तू चोर होतीस, आणि तुझ्या मनात तुझा बाबू.

मग तू हसलीस. आजार निघाल्यापासून मी तुला तशी हसताना पाहिली नव्हती. "कडी तुटली आसंल त्याच्या हातून. तुझ्या परीक्षेच्या साली देवीचं काय मोडलं, तर तुझ्या आयशीनी घर डोक्यावर घेतलं असतं. गुपचूप सोनाराकडं नेला आसंल. घाबरटच व्हता. ल्हानपणी पण असाच. मडकी फोडायची आन् मला पुढं करायचा."

यावरून आपलं भांडण झालं, आठवतंय? मी म्हटलं, घाबरले म्हणून काय झालं, त्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं. नाणं वाजलं नाही, तेव्हा सोनाराने बदललं की काय, हे त्यांनाही वाटलं असणार. एवढं तरी बोलायचं. समोर बहिणीला चोर म्हणतात आणि हा माणूस चपला शोधतो? तू म्हणालीस, "त्याला त्याच्या चपला शोधू दे. त्याच्यानी जेवढं झालं तेवढं त्यानी केलं. कडी लावलीच ना नवी?" मी म्हटलं, हे पटत नाही. तू म्हणालीस, "नको पटू दे." ते भांडण तिथेच राहिलं. अजूनही मला पटलेलं नाही. पण दादांनी ना विकला, ना बदलला. माझी डिग्री देवीच्या रुपयावर उभी नाही, ती दादांच्या ओव्हरटाइमवर उभी आहे, हे मला आता सही-शिक्क्यानिशी ठाऊक आहे. त्यांच्यावर रागावायला आता मी मोकळी आहे, आणि हेही एक सुखच म्हणायचं.

आतली भांडी केव्हाच थांबली होती. आई बाहेर आली ती परात घेऊन. परातीत पाणी, चिंच, आणि दोऱ्यातून सोडवलेले पाच रुपये. नवरात्राला अवकाश होता. तिने परात तुझ्यापुढे ठेवली आणि तुझ्याकडे न बघता म्हणाली,

"धुवा वन्सं. माझ्या हातानं तेरा वर्षं नीट निघाले नाहीत."

मी म्हटलं, "अगं, चिंच नको! शेठने सांगितलंय, नाण्याची वाट लागते."

"शेठला सांग, देवी आमची हाय," तू म्हणालीस.

"त्याचं काय ऐकायचं? कधी देव धुतलेत का त्यानं?" आई म्हणाली.

तेरा वर्षांनी तुमचं दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती म्हणजे मी चुकले ही.

तू अंथरुणातच मांडी घालून बसलीस. "राख?"

"राख कुठली इथं?" आई म्हणाली.

"राखेबिगर निघतात व्हय?" पण घासलेस. आईने परात धरून ठेवली. चार टिचक्या, चार आवाज. पाचव्याला टिचकी मारलीस. बद्द. तू त्याला फडक्यात कोरडा करत म्हणालीस, "नको वाजू बये. कळलं आता तुझं." मग आईला म्हणालीस, "शेवंता, गूळ हाय का?" निरोप नाही, मधे मी नाही. थेट.

त्यानंतरचे दिवस मी सोन्याचे म्हणणार नाही. तुझं दुखणं होतंच. पण आई तुला भाकरी कुस्करून भरवायची आणि तू तिला नावं ठेवायचीस, आणि मी ऑफिसला निघताना मागे दोघींचा आवाज असायचा.

एक मात्र राहिलं. मला तुला सांगायचं होतं, की आत्या, मलाही वाटलं होतं तू घेतलास. रोज आज सांगते, उद्या सांगते. एकदा मी एवढंच म्हटलं, "मी तर आधीपासून म्हणत होते, आत्या असं करणार नाही." तू माझ्याकडे बघितलंस. "म्हणत व्हतीस व्हय?" आणि दात दाखवून हसलीस. म्हणजे तुला ठाऊक होतं. तरी तोंडाने सांगायचं राहिलं ते राहिलंच. आता लिहिलंय.

काल वाडीवरून निघताना मी तुझ्या घरात गेले. बेलवलीला यायच्या आधी तू शेवटची पेटवलेली चूल तशीच होती. त्यातली राख मी कागदात घेतली, तू बांधायचीस तशी पुडी बांधली, आणि पर्समध्ये ठेवली. घटस्थापनेला आता मान माझा, लेक मीच. चिंच कमी वापरीन, शेठचं अर्धं ऐकीन. पाचव्यालाही टिचकी मारीन.

रात्री पाणी पिऊन मी ती पुडी ओट्यावर ठेवली. सकाळी उठले तर ओट्यावर नव्हती. शोधायला लागले, तर आई चहा गाळत होती.

"देव्हाऱ्यात ठेवलीय," ती म्हणाली. "रुपयांजवळ."

मी जाऊन पाहिलं. पुडीची गाठ मी बांधली होती तशीच होती. आईने ती उघडली नव्हती.